दुःख नको, बांबू विका!

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या कॉलेजातल्या पिच स्पर्धेला जाऊन बसा. पहिली स्लाइड काय असेल, हे न बघताही बऱ्याचदा सांगता येतं. राज्याचा नकाशा, त्यात पूर्वेच्या टोकाला लाल रंगवलेला आपला जिल्हा. खाली चार शब्द. मागास, दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त. दुसऱ्या स्लाइडवर डोक्यावर मोळी घेतलेली बाई. तिसरीवर कुपोषणाचा आकडा. आणि मग पाचव्या-सहाव्या स्लाइडला कुठेतरी कळतं की, हा मुलगा बांबूचे टूथब्रश बनवतो.

तोवर त्याच्या पाच मिनिटांतली तीन संपलेली असतात.

परीक्षक हळहळतात. टाळ्या वाजतात. कधी कधी बक्षीसही मिळतं. ऑर्डर मात्र मिळत नाही. कारण परीक्षक टूथब्रश विकत घ्यायला आलेला नसतो, तो मार्क द्यायला आलेला असतो. आणि जो खरोखर विकत घेणार असतो, त्याचा पहिला प्रश्न असतो, 'माल किती आहे भाऊ, आणि कवा भेटन?' त्याचं उत्तर त्या बारा स्लाइड्समध्ये नसतंच.

तुम्ही म्हणाल, एवढ्यातच तर आपल्याकडे हे पिच-बिच आलंय, शिकतोय आम्ही. खरंय. २०२१च्या डिसेंबरात 'शार्क टँक इंडिया' टीव्हीवर सुरू झालं आणि पिच हा शब्द घराघरांत गेला. २०२२मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत स्टार्टअप यात्रा काढली, ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, मुलांनी आपापल्या कल्पना मांडल्या, जिल्ह्यातल्या पहिल्या तिघांना २५, १५ आणि १० हजारांची बक्षिसं ठेवली गेली. गडचिरोलीत २०११पासून स्वतःचं गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथे वनउपजावर काम करणारं विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र आहे. म्हणजे व्यासपीठ नाही, अशी तक्रार आता फारशी करता येणार नाही. तक्रार आहे ती व्यासपीठावर चढून आपण काय बोलतो, याची.

आणि गंमत अशी की, या जिल्ह्यातलं सगळ्यात जबरदस्त पिच ज्यांनी केलं त्यांनी एकही स्लाइड बनवली नव्हती.

गवत की झाड?

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला ऐकून माहीत असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावाची. गोंड आदिवासींचं छोटं गाव. २००६चा वनहक्क कायदा आला आणि २००९मध्ये या गावाच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. शाळेतल्या सामान्यज्ञानात गोष्ट इथे संपते. धंद्याच्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

कारण हक्क मिळाला, जंगलात बांबू उभा होता, पण तो विकायचा कसा? बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनविभागाच्या हातात. वनविभागाचं म्हणणं, बांबू म्हणजे झाड, म्हणजे लाकूड, ते तुम्हाला विकता येणार नाही. म्हणजे मालक तुम्ही, गेटची किल्ली दुसऱ्याकडे!

आता इथे तुमच्या-माझ्यासारख्याने काय केलं असतं? आम्ही किती गरीब, आमच्यावर किती अन्याय, असं निवेदन दिलं असतं. फोटो काढला असता. मेंढ्याच्या लोकांनी वनहक्क कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. त्यातल्या गौण वनउपजाच्या व्याख्येत बांबू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. बस. एवढाच मुद्दा त्यांनी धरला आणि तो सोडला नाही. मार्च २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनउपज असल्याचं सांगितलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः, तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासोबत मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक देवाजी तोफांच्या हातात दिलं. पुढे २०१२मध्ये कायद्याचे नियम बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

हे झालं सरकारपुढचं पिच. दुसरं होतं व्यापाऱ्यापुढचं, आणि त्याची भाषा पूर्ण वेगळी होती. ग्रामसभेने बांबूसाठी रीतसर निविदा मागवल्या. अशा निविदेत काय असतं? लांब बांबू किती, बंडल किती. तोडणी कधी, कोण करणार. माल कुठून उचलायचा. अनामत किती, पैसे किती हप्त्यांत. कायद्याचं कलम तिथे कोणी वाचून दाखवत नाही, कारण व्यापाऱ्याला त्यात रस नसतो. आणि दारिद्र्यरेषेचा आकडा तर मुळीच नाही.

सरकारला हक्काचा आधार हवा होता, तो दिला. व्यापाऱ्याला मालाची खात्री हवी होती, ती दिली. एकाच बांबूबद्दल दोन माणसांशी दोन वेगळी बोलणी. आपण काय करतो? एक पीपीटी बनवतो आणि तीच बँकेला, तीच कॉलेजला, तीच नागपूरच्या दुकानदाराला दाखवत फिरतो.

अजून एक गोष्ट, जी टीव्हीवरच्या पिचमध्ये कधीच दिसत नाही. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कायदा समजून घ्यायला तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट चालले. त्यामुळे बाहेर बोलायला एक माणूस गेला तरी मागे सगळं गाव तेच बोलणार, हे समोरच्याला माहीत होतं. तुमच्या बचत गटातल्या दहा जणींपैकी चौघींनाच भाव माहीत असेल, तर तुम्ही कितीही झकास बोला, खरेदीदाराने पाचवीला फोन केला की खेळ खलास.

'एवढाच माल?'

आता थोडं खाली चंद्रपूर जिल्ह्यात या. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२मध्ये इथल्या ग्रामसभेला सुमारे १००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. हे गावही बांबू विकतं, लिलावाने, हिशेब ठेवून. पण पाचगावचा सगळ्यात धंदेवाईक निर्णय मला वेगळाच वाटतो. त्यांनी तेंदूपानं तोडायचीच नाहीत, असं ठरवलं. तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून झुडपं छाटतात, आगी लावल्या जातात, त्यात जंगल आणि पुढचं सगळं जातं. शिवाय तेंदूची फळं माणसं खातात, जनावरं-पाखरं खातात. हातातलं रोख उत्पन्न सोडायला काळीज लागतं.

याचा पिचशी काय संबंध? थेट आहे. इन्व्हेस्टरचा लाडका प्रश्न असतो, 'स्केल कसं करणार?' आणि आपली मुलं घाबरून सांगतात, पुढच्या वर्षी दुप्पट, त्यापुढच्या वर्षी दहापट. अरे, जंगल दहापट होतं का? बांबूच्या बेटातले कोवळे कोंब तोडत राहिलं तर बेट खंगतं. सगळं जंगल दरवर्षी कापता येत नाही, आलटून पालटून कापावं लागतं. ज्याने जंगल पाहिलंय तो तुमचं दहापटीचं उत्तर ऐकून गालात हसेल. आणि ज्याने पाहिलं नाही तो पुढच्या वर्षी तेवढा माल मागेल. दोन्हीकडून तुम्हीच अडकलात.

त्यापेक्षा सरळ सांगा की, माल एवढाच आहे, दरवर्षी एवढाच राहील, पण दरवर्षी नक्की राहील. दहापट वाढ हवी तर ती किलोत होणार नाही, किलोमागच्या किमतीत होईल. कच्चा बांबू ट्रकमध्ये भरला तर एक भाव, चिरून वाळवून कारखान्याला दिला तर दुसरा, वस्तू करून दुकानात ठेवला तर तिसरा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे ते यासाठीच. मर्यादा सांगितली की पिच कमजोर होतं, असं बऱ्याच ट्रेनरना वाटतं. मला ते पटत नाही. जो विक्रेता 'एवढं जमणार नाही' म्हणतो, त्याच्या 'एवढं जमेल'वर माणूस विश्वास ठेवतो.

समोरच्यालाही प्रश्न विचारा ना!

तेंदूपानाचा विषय निघालाच आहे तर गडचिरोलीतल्या ग्रामसभांकडे बघा. पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे २०१३पासून इथल्या ग्रामसभा स्वतः तेंदूचे लिलाव करू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडका, हजार पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग, हे गणित इथल्या शाळकरी पोरालाही येतं. २०१७च्या हंगामात भाव असे चढले की विचारू नका. मग त्याच वर्षी जुलैमध्ये जीएसटी आला, पानावर १८ टक्के, विडीवर २८. पुढच्या हंगामात भाव आपटले. आणि काही ठेकेदारांनी पानं नेली, पैसे थकवले.

थकलेले पैसे वसूल करायला ग्रामसभांना किती चपला झिजवाव्या लागल्या, ते त्या गावांना विचारा. त्यातून जे शहाणपण आलं ते कुठल्याही स्टार्टअप कोर्सपेक्षा भारी आहे. पिच म्हणजे फक्त आपण बोलायचं आणि समोरच्याने निकाल द्यायचा असं नसतं. समोरच्याकडे पैसे आहेत का, ते कधी देणार, आगाऊ किती, माल उचलला नाही तर काय, हे तुम्ही विचारायचं. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, कारण एका गावाच्या दोन-चारशे बॅगांसाठी ठेकेदार भाव पाडून मागतो. वीस गावांचा माल एकत्र असला की तोच ठेकेदार खुर्ची ओढून बसतो.

आता २२ सप्टेंबर २०२५पासून तेंदूपानावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणि १ फेब्रुवारी २०२६पासून विडीवरचा १८वर आलाय. तुम्ही तेंदूशी संबंधित काही करत असाल तर या बदलाने तुमच्या ठेकेदाराचा खर्च किती कमी झाला, हे लिलावाच्या आधी कागदावर मांडून ठेवा. तो स्वतःहून सांगणार नाही.

मोहाचं गणित करून बघू

बोलबच्चन पुरे, एक पिच बांधून बघू. मोहफुलाचे लाडू. सध्या आपल्याकडे बरेच गट हे करतायत. आकडे फक्त समजण्यापुरते धरा, तुमचे तुम्ही टाका.

पाकिटाची किंमत २०० रुपये. दुकानदार ३० टक्के ठेवतो, म्हणजे ६० गेले, हातात १४०. मोह, तीळ, गूळ मिळून ५०. डबी आणि लेबल २०. मजुरी २५. गाडीभाडं १५. झाले ११०. उरले ३०. वा! पण शंभरातली दहा पाकिटं परत आली, बुरशी आली किंवा तारीख उलटली, तर? शंभर पाकिटांचा खर्च ११ हजार, विकली गेली ९०, आले १२,६००. उरले १,६००, म्हणजे पाकिटामागे १६ रुपये. बँकेचा हप्ता आणि विजेचं बिल अजून यायचंय.

आता हेच पिचमध्ये सांगितलंत तर समोरचा काय विचारेल? परत येणारी पाकिटं कमी कशी करणार? हा प्रश्न आला की समजा, तो तुमच्या धंद्यात शिरला. कारण उत्तर तुमच्याकडेच आहे. फुलं जमिनीवर पडून मातीत मळली की ओल धरतात. झाडाखाली जाळी बांधली तर फुल स्वच्छ मिळतं, शिवाय खालचा पाला जाळावा लागत नाही. म्हणजे जाळीसाठी पैसे हवेत. आता तुमच्या मागणीला कारण मिळालं!

दुसरं कारण हंगामाचं. मोह मार्च-एप्रिलमध्ये पडतो, काही आठवडेच. वर्षभराचा मोह तेव्हाच विकत घेऊन ठेवावा लागतो. समजा दोन टन, ४० रुपये किलोने, म्हणजे ८० हजार रुपये एकदम. विक्री मात्र दिवाळीपर्यंत थेंबाथेंबाने. तर मग 'आम्हाला पाच लाख हवेत' या वाक्याऐवजी सांगा, 'एप्रिलमध्ये ८० हजार लागतात, नोव्हेंबरपर्यंत ते सुटतात.' बँक मॅनेजर मान वर करून बघेल.

आणि मोह म्हटलं की एक प्रश्न येणारच. 'दारू काहून नाही बनवत?' हसण्यावारी नेऊ नका. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. त्याच २०२१मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे फुलाचा लाडू, सरबत, मनुका हे सगळं मोकळं, दारू मात्र गडचिरोलीत नाही. तीन वाक्यांत उत्तर. कायदा, वर्ष, जिल्हा. ज्याला हे पाठ आहे तो अभ्यास करून आलाय, हे समोरच्याला लगेच कळतं.

मग रस्ता. गडचिरोली जिल्ह्यात सध्या रेल्वे आहे ती वडसा देसाईगंजला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. खरेदीदाराला हे गुगलवर सापडणारच आहे. तुम्हीच सांगा, आणि जोडीला सांगा की, जूनच्या आधी आम्ही तीन महिन्यांचा माल वडसा किंवा चंद्रपूरच्या गोदामात आणून ठेवतो. दुर्गम हा शब्द इथे वापरायचा, गोदामाच्या व्यवस्थेसोबत. नकाशाच्या स्लाइडवर नाही.

इंग्रजीत बोलू का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. समोरच्याला मराठी कळत असेल तर मराठीत बोला. नागपूर, रायपूरचा व्यापारी असेल तर हिंदी चालेल. ज्या भाषेत तुम्ही भाव करता त्या भाषेत पिच करा. गोंडीतल्या वस्तूचं नाव गोंडीतच ठेवा, पण तिचा उपयोग लगेच सांगा. इंग्रजी फक्त तिथे, जिथे समोर दुसरी भाषा कळणारा कोणीच नाही. पाठ केलेल्या इंग्रजीत एक प्रश्न आडवा आला की मुलं गळून पडतात, आणि मग सगळे म्हणतात, आत्मविश्वास नाही. आत्मविश्वास होता हो, भाषा उसनी होती.

नमुना सोबत न्या आणि पहिल्या मिनिटाला हातात द्या. लाडू असेल तर खायला द्या. माणूस चावत असताना तुम्ही भाव, माल आणि तारीख सांगा. एखादं उत्तर येत नसेल तर 'उद्या संध्याकाळपर्यंत सांगते' म्हणा आणि खरंच सांगा.

बाकी, आपल्यातल्या बहुतेकांचं खरं पिच कुठल्या शार्कसमोर होतच नाही. ते होतं बँकेत, मॅनेजरच्या टेबलासमोर, मागे पीक कर्जाची रांग असताना. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, हे सांगून मॅनेजर खूश होत नाही. अनुदान सरकार देणार, उरलेलं कर्ज फेडणार कोण, हा त्याचा सवाल. तिथे दोन दुकानदारांची लेखी मागणी आणि मागच्या चार महिन्यांची विक्रीची वही ठेवा. वही मळकी असली तरी चालेल, उलट बरंच.

दावोसमध्ये आपलं नाव

हे सगळं आत्ताच का, तर वेळ तशी आहे. जानेवारी २०२५मध्ये दावोसला महाराष्ट्राने केलेला पहिलाच करार गडचिरोलीसाठी होता, कल्याणी समूहाशी, ५,२०० कोटींचा, चार हजार रोजगारांचा. सुरजागडचं लोहखनिज, कोनसरीचा प्रकल्प, गडचिरोलीला स्टील हब करायच्या घोषणा तुम्ही रोज वाचता. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. नकाशावरचा तो लाल रंग फिका होत चाललाय, आणि भीतीपोटी मिळणारी सहानुभूतीही.

त्या कराराची बातमी पुन्हा वाचा. रक्कम, जागा, रोजगार. एका ओळीत पिच. खनिजाच्या बाजूने बोलणारे असे एका ओळीत बोलतात. जंगलाच्या बाजूने बोलणारे आपण मात्र अजून मोळीवाल्या बाईच्या फोटोवर अडकलोय. उद्या जिल्ह्याच्या विकासाच्या बैठकीत कोणी विचारलं की, या हेक्टरभर जंगलातून वर्षाला किती उत्पन्न निघतं, किती हातांना किती दिवस काम मिळतं, तर उत्तर कोण देणार? ग्रामसभांच्या वह्यांत ते आकडे आहेत. ते बाहेर काढून मांडणारी शिकलेली पोरं हवीत, आणि ती सध्या पुण्यात नोकरी शोधतायत.

तर एक काम करा. तेंदूचा आणि बांबूचा हंगाम जवळ आला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर, लहान टाइपात, ग्रामसभांच्या जाहीर निविदा येतात. आपण त्या कधी वाचत नाही, थेट क्रिकेटकडे जातो. यंदा एक कापून ठेवा. गावाचं नाव, माल, अंदाजे प्रमाण, अनामत रक्कम, लिलावाची तारीख, जागा, वेळ, सगळं हाताएवढ्या चौकटीत असतं. मग तुमची पीपीटी उघडा आणि या चौकटीतल्या किती गोष्टी तिच्यात आहेत, ते मोजा. जमलं तर त्या तारखेला त्या गावात जाऊन लिलावात मागच्या बाजूला बसा. तिथे कोण कोणाला काय विचारतंय, ते ऐका.